गोव्याच्या दमट हवेत वॉटर-कूल्ड ग्राफिक्स कार्डची स्वच्छता आणि देखभाल

पाण्याने थंड होणारे ग्राफिक्स कार्ड नव्याने घेतलेली मंडळी सर्वांत आधी विचारतात, कार्ड उघडून साफ कधी करायचे? गोव्यात राहणाऱ्यांसाठी माझे उत्तर ठरलेले आहे. आतला भाग कमीत कमी वेळा उघडा, आणि उघडाल तेव्हा सगळे काम नीट पुरे करा. बाहेरच्या भागाकडे मात्र दर पंधरवड्याला बघा. नवखे लोक नेमके उलटे करतात. पाण्याचा रंग जरा फिका वाटला की ब्लॉक (कार्डावर बसवलेला, आतून पाणी खेळणारा धातूचा ठोकळा) खोलतात आणि रेडिएटरवर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीवर) बसलेला मिठाचा, धुळीचा थर वर्षभर तसाच राहतो.

आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत कपाट उघडले की चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी दिसते, हे इथे कुणाला सांगायला नको. तीच हवा कॉम्प्युटरचे पंखे तासन्‌तास रेडिएटरमधून ओढत असतात. कळंगुट, मिरामार, कोलव्याच्या बाजूला त्या हवेत मीठ असते. डिचोली, साखळी, सांगे, केपे या भागांत, आणि जिथे म्हणून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे बांधकाम चालू असते तिथे, बारीक लाल धूळ असते. कोरड्या शहरात बसून लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत, म्हणून हा लेख.

आधी आपले कार्ड कोणत्या जातीचे आहे ते ओळखा

काही कार्डे कारखान्यातूनच पंप, पाईप आणि रेडिएटरसह बंद करून येतात. त्यांना हायब्रिड किंवा ऑल-इन-वन म्हणतात. त्यांत पाणी भरायला झाकण नसते आणि ती उघडायचीही नसतात. पाईपच्या रबरातून वर्षानुवर्षे थोडे थोडे पाणी उडत जाते, आत हवेचे बुडबुडे वाढतात आणि एक दिवस पंपातून खळखळ ऐकू येऊ लागते. अशा कार्डाचा रेडिएटर पंपापेक्षा उंच ठेवा, म्हणजे हवा रेडिएटरच्या वरच्या टोकाला जमून राहते आणि पंपात शिरत नाही. बाहेरची साफसफाई आणि आकड्यांवर नजर, एवढेच तुमच्या हाती आहे. त्यामुळे बाहेरून साफ करण्याविषयीचा भाग झाला की तुमचा लेख संपला.

दुसरी जात कस्टम लूपची, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या पाण्याच्या फेऱ्याची. कार्डाचा मूळ हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा भाग) काढून त्यावर वॉटर ब्लॉक बसवलेला असतो. हा ब्लॉक बहुधा तांब्याचा, वर निकेलचा मुलामा आणि त्याच्यावर ॲक्रिलिक किंवा ॲसिटल या प्लास्टिकचे झाकण. पंप, टाकी, रेडिएटर आणि पाईप वेगवेगळे जोडलेले असतात. पुढचा बराचसा मजकूर या जातीविषयी आहे.

पाना हातात घेण्याआधी आकडे वाचा

कार्ड उघडायचे की नाही हे डोळ्यांपेक्षा तापमान जास्त खरे सांगते. पण एकटा आकडा फसवा असतो. जानेवारीतल्या रात्री खोली २४ अंशांवर असताना कोर (कार्डाची मुख्य चिप) ५० दाखवत असेल, तर मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत तोच कोर ५९ दाखवेल. यात कार्डाचा काही दोष नाही, खोलीच ९ अंशांनी तापली आहे. रेडिएटर पाण्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून बघायचा तो दोन तापमानांमधला फरक.

यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे प्रोग्राम पुरतात. पाण्याच्या तापमानासाठी लूपमध्ये छोटा सेन्सर बसवता येतो, तो मदरबोर्डच्या दोन पिनांना जोडतात. सेन्सर नसेल तर एक सोपी युक्ती आहे. तासभर गेम खेळून तो बंद करा आणि मिनिटभराने कोरचे तापमान बघा. कार्डावर भार नसताना कोर पाण्यापेक्षा दोन-तीन अंशच वर असतो, त्यामुळे पाणी किती तापले होते याचा चांगला अंदाज येतो.

चाचणी नेहमी एकसारखी घ्या. तोच गेम, तोच प्रसंग, किंवा युनिजिन सुपरपोझिशनसारखी एखादी ठरलेली चाचणी. पाणी पूर्ण तापायला अर्धा तास लागतो, म्हणून निदान ४० मिनिटे चालू द्या. मग खोली, पाणी, कोर, हॉटस्पॉट (कोरवरची सर्वांत तापलेली जागा) आणि मेमरी ही पाच तापमाने वहीत तारखेसह लिहा. काही नव्या कार्डांवर हॉटस्पॉटचा आकडा दिसत नाही, तर तो रकाना रिकामा ठेवा. ही नोंद लूप नवा असताना किंवा नुकताच साफ केलेला असताना एकदा करून ठेवली पाहिजे. पुढची सगळी तुलना तिच्याशीच करायची.

आता हे फरक काय सांगतात ते पाहू.

पाणी आणि खोली यांच्यातला फरक वाढला, तर दोष बाहेर आहे. रेडिएटरमध्ये धूळ भरली आहे, एखादा पंखा मंदावला आहे किंवा कॅबिनेट भिंतीला टेकले आहे. ब्लॉकला हात लावू नका.

कोर आणि पाणी यांच्यातला फरक वाढला, तर दोष ब्लॉकमध्ये किंवा प्रवाहात. निरोगी लूपमध्ये पूर्ण भाराखाली हा फरक साधारण १० ते १५ अंश असतो, ४५० वॅट खाणाऱ्या आरटीएक्स ४०९० सारख्या कार्डावर २० पर्यंत जाऊ शकतो. तुमच्या वहीतल्या पहिल्या आकड्यापेक्षा तो पाच-सहा अंशांनी वर गेला आणि पंप नीट चालत असेल, तर ब्लॉकच्या पन्हळींत (आतल्या पाणी वाहायच्या बारीक खाचांत) गाळ अडकला आहे किंवा थर्मल पेस्ट (कोरची उष्णता ब्लॉककडे नेणारा लेप) सुकली आहे.

हॉटस्पॉट आणि कोर यांच्यातला फरक एरवी १० ते १५ अंश असतो. तो २५ च्या पुढे गेला म्हणजे पेस्ट एका बाजूने सरकली आहे किंवा ब्लॉक तिरका बसला आहे. पाणी बदलून यात काहीच फरक पडणार नाही.

फक्त मेमरी तापत असेल, तर दोष थर्मल पॅडचा (मेमरीची उष्णता ब्लॉककडे नेणारी मऊ पट्टी). आरटीएक्स ३०९० सारख्या कार्डांवरची जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःहून वेग कमी करते. तिथवर जाऊच देऊ नये.

पाण्यासाठी माझी मर्यादा ४५ अंशांची आहे. डी५ जातीचे पंप ६० अंशांपर्यंतचे पाणी सोसतात, पण पीईटीजी प्लास्टिकचे कडक पाईप त्याच सुमारास मऊ पडू लागतात. फिटिंगमधून (पाईप जिथे जोडतात त्या जोडातून) पाईप निसटण्याचा धोका पत्करण्यात काही अर्थ नाही.

बाहेरून साफ करणे: हे काम खरे महत्त्वाचे

कॉम्प्युटर बंद करा, पॉवर सप्लायचे मागचे बटण बंद करा, प्लग काढा. पंखे रेडिएटरपासून सोडवा, कारण धुळीची खरी चादर पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये, पत्र्यांच्या तोंडावर बसलेली असते आणि बाहेरून दिसत नाही. मऊ ब्रशने ती पत्र्यांच्या उभ्या दिशेने झाडा. आडवा ब्रश मारलात तर पातळ पत्रे वाकतात. मग हातातला ब्लोअर फूटभर अंतरावरून, हवा एरवी वाहते त्याच्या उलट बाजूने मारा. पंख्यांवर हवा मारताना पाते बोटाने धरून ठेवा. फिरू दिले तर पंखा वीज तयार करतो आणि बेअरिंगही खराब होते.

जवळच्या टायरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारण्याचा मोह टाळा. त्या हवेत तेल आणि पाण्याचे थेंब असतात, शिवाय दाब बेसुमार. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही कार्डाजवळ नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

किनाऱ्याजवळच्या घरांत कोरडी झाडझूड पुरत नाही. मीठ हवेतली ओल धरून ठेवते, म्हणून किनाऱ्याकडची धूळ चिकट असते आणि तिच्याखालचे स्क्रू गंजतात. रेडिएटरच्या रंगवलेल्या बाजू, पंख्यांची पाती आणि कॅबिनेटचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. ॲक्रिलिकला मात्र हे अल्कोहोल लावू नका, कारण पुढे सांगतो. गंजलेले स्क्रू बदलून स्टेनलेस स्टीलचे घाला, खर्च नगण्य आहे. डब्ल्यूडी-४० फवारू नका. त्याचा तेलकट थर धूळ आणखी धरतो आणि फिटिंगमधल्या ईपीडीएम रबराच्या ओ-रिंगना (पाणी अडवणाऱ्या गोल कड्यांना) पेट्रोलियमचे वावडे आहे.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळपट दिसल्या की दुरुस्तीच्या दुकानात “सर, रबराने घासून देतो” असे सांगतात. पेन्सिलच्या खोडरबराने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो आणि त्याखालचा धातू आपल्या हवेत लवकर गंजतो. अल्कोहोलमध्ये भिजवलेले सुती फडके हलकेच फिरवले की पुरते.

कॅबिनेटच्या मागे उघडी राहिलेली खाच पट्टीने बंद करा. पावसाळ्यात पाली, झुरळे आणि मुंग्या ऊब शोधत आत येतात. पालीची विष्ठा किंवा अंडे सर्किटवर पडले तर पाणी गळल्याइतकेच नुकसान होऊ शकते.

आणि एसीविषयी. जुलैतल्या २८ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचे पाणी होते तो) २६ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर एसी चालून खोली २२ अंशांवर आली असेल आणि कॉम्प्युटर बंद असेल, तर ब्लॉक, रेडिएटर आणि आतले पाणी सगळे २२ वर आलेले असते. सकाळी एसी बंद करून खिडक्या उघडल्या की बाहेरची हवा त्या थंड धातूवर पाणी सोडते. लोकांना वाटते, लूप गळला. म्हणून एसी बंद केल्यावर लगेच खिडक्या उघडू नका. चालू असलेला कॉम्प्युटर खोलीपेक्षा गरम असतो, त्याला हा धोका फार कमी. पावसाळ्यात काही दिवस कॉम्प्युटर वापरणार नसलात, तरी आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालवा. पंप फिरता राहतो, पाणी एका जागी साचत नाही आणि आतली ओल उडते.

आत कधी उघडायचे

पारदर्शक तयार कूलंट (लूपमध्ये भरायचे द्रव) असेल तर वर्षातून एकदा पाणी बदलणे पुरे. दुधाळ, अपारदर्शक रंगांची कूलंट सहा महिन्यांत बदलावी लागतात, कारण त्यांतले रंगकण पन्हळींत बसतात. नवख्यांनी ती घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लॉक मात्र दर वेळी उघडायची गरज नाही. आकडे बिघडले, पारदर्शक झाकणातून गाळ दिसला किंवा पाण्याचा रंग नुसता फिका न पडता पार बदलला, तरच उघडा.

वेळ मे महिन्याची निवडा, घराघरांत पुरुमेताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) तयारी चाललेली असते तेव्हाची. हवा पावसाळ्याच्या मानाने कोरडी असते, धुतलेले भाग लवकर सुकतात आणि ताजे कूलंट घेऊन लूप पावसाळ्यात जातो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात फक्त बाहेरची मोठी सफाई करा. चवथीच्या आधी सगळे घर लख्ख करताना कार्डही खोलून धुवायची इच्छा होते, पण भाद्रपदातल्या हवेत ओलसर राहिलेला भाग सुकवणे फार अवघड जाते.

मे आणि ऑक्टोबर हे विजांच्या गडगडाटाचेही दिवस. काम अर्धवट असो वा पुरे, संध्याकाळी आभाळ भरून आले की प्लग काढून ठेवा.

काय जमवायचे

पाणी डिस्टिल्ड हवे, निदान पाच लिटर. म्हापसा, मडगाव, फोंडा कुठेही बॅटरीच्या किंवा वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात ते मिळते. लेबल नीट वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचे ॲसिडही ठेवलेले असते. नळाचे पाणी चालत नाही, त्यात क्लोरीन आणि क्षार असतात. विहिरीचे तर नकोच. जांभ्या जमिनीतल्या कित्येक विहिरींच्या पाण्याने बादलीवर तांबूस डाग पडतात, ते लोह तुमच्या पन्हळींत जाईल. उकळून क्षार जात नाहीत आणि घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे उरतातच.

शिवाय ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ टूथब्रश, धागे न सुटणारी फडकी, कॉफी गाळायचे कागद, चांगली थर्मल पेस्ट, ब्लॉकच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचे थर्मल पॅड, सुट्या ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, टिश्यू पेपर, बादली, आणि नेमक्या मापाचे स्क्रूड्रायव्हर. तयार कूलंट विकत घ्या. त्यात गंजरोधक आणि जंतुनाशक योग्य प्रमाणात असते. नुसते डिस्टिल्ड पाणी भरून ठेवले तर आपल्या उष्म्यात शेवाळ धरायला वेळ लागत नाही.

एक गोष्ट तपासून घ्या: लूपमध्ये कुठे ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक एकत्र तर नाहीत ना? हे दोन धातू एकाच पाण्यात असले की ॲल्युमिनियम गंजत जाते आणि पांढरा गाळ होतो. अशा लूपला कितीही धुतले तरी उपयोग नाही, रेडिएटरच बदलावा लागतो.

पाणी काढणे आणि कार्ड सोडवणे

काम सुरू करण्याआधी दहा-पंधरा मिनिटे गेम चालवा. कार्ड कोमट असले की पेस्ट आणि पॅड सहज सुटतात. मग सगळे बंद करून प्लग काढा. पाईप, वायरी, फिटिंग यांचे फोटो चारही बाजूंनी काढून ठेवा. जोडताना आठवणीवर विसंबू नका.

टाकीचे वरचे झाकण आधी उघडा, नाहीतर हवा आत न शिरल्यामुळे पाणी अडून बसते. खालच्या नळीतून पाणी बादलीत सोडा, कॅबिनेट हळूहळू दोन्ही बाजूंना कलवून उरलेले काढा. कार्डाच्या फिटिंगखाली टिश्यू पसरा, कारण ब्लॉकमध्ये थोडे पाणी राहतेच. पाईप सोडवल्यावर ब्लॉकची दोन्ही तोंडे स्टॉप-प्लगने बंद करा आणि मगच कार्ड हलवा.

पॉवरच्या वायरी काढा, स्लॉटची खिटी दाबा आणि दोन्ही हातांनी कार्ड सरळ वर उचला. ब्लॉकसह ते बरेच जड असते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला आधी हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. पावसाळ्यात ती कमी असते, मे महिन्यातल्या एसीच्या खोलीत असतेच.

कार्ड मऊ टॉवेलवर पालथे घाला. मागच्या पत्र्याचे स्क्रू काढताना ते ज्या जागेचे त्या क्रमाने कागदावर टोचून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. एखाद्या स्क्रूवर कंपनीचा स्टिकर असेल तर तो फाडण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा. सगळे स्क्रू निघाले की ब्लॉक किंचित डावीकडे-उजवीकडे हलवत सोडवा. मध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. कोरच्या कडेचे छोटे भाग डोळ्यांदेखत तुटतात. सुटत नसेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा द्या.

ब्लॉक धुणे

झाकण उघडले की आत अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद पन्हळींचा एक चौकोन दिसतो. कार्डाची सगळी उष्णता या चौकोनातून पाण्यात जाते. इथे काय साचले आहे ते नीट बघा, कारण त्यावर पुढचा उपाय ठरतो.

पांढरा चिकट थर हा स्वस्त पीव्हीसी पाईपमधून सुटलेला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारा पदार्थ) असतो. ब्लॉक धुवा आणि पाईपही बदला, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच. ईपीडीएम रबराचे पाईप दिसायला काळे आणि साधे, पण हा त्रास देत नाहीत. बुळबुळीत हिरवे असेल तर शेवाळ. मग टाकी, पंप, रेडिएटर सगळेच धुवावे लागेल, आणि टाकीवर खिडकीतले ऊन येत असेल तर जागा बदलावी लागेल. निळसर हिरवे डाग म्हणजे तांबे गंजते आहे, कूलंटमधला गंजरोधक संपला आहे. तांबे नुसते तपकिरी पडले असेल तर ते तसेच राहू द्या, थंड होण्यावर त्याचा परिणाम होत नाही.

ॲक्रिलिकचे झाकण, धातूचा तळ आणि मधली पट्टी वेगळी करा. मधली पट्टी कोणत्या बाजूने बसली होती त्याचा फोटो हवाच. सगळे भाग कोमट डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकून भिजवा. टूथब्रश पन्हळींच्या लांबीच्या दिशेने फिरवा. अडकलेला कण काढायला सुई किंवा पिन वापरू नका, मुलामा ओरखडतो. जुन्या ब्रशचा एखादा केस पुरतो.

उघड्या तांब्यावरचे हट्टी डाग एक भाग पांढरा व्हिनेगर आणि नऊ भाग डिस्टिल्ड पाणी यांत काही मिनिटे ठेवून जातात. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर वापरू नका. देवघरातली तांब्या-पितळेची उपकरणी आपण चिंचेने, आमसुलाने घासतो तसा प्रयोग इथे नको. त्यांचा चोथा पन्हळींत बसतो आणि मुलामा आम्लाने उतरतो. मुलामा उडून खालचे तांबे दिसत असेल, तर ब्लॉक वापरता येतो, पण त्याचे आयुष्य उताराला लागले हे धरून चाला.

ॲक्रिलिकला अल्कोहोल लागले की स्क्रूच्या भोकांभोवती बारीक तडे जातात. ते आज दिसत नाहीत, दाब आला की उघडतात. झाकण फक्त साबणाच्या पाण्याने धुवा.

शेवटी प्रत्येक भाग ताज्या डिस्टिल्ड पाण्याने तीन-चार वेळा खंगाळा. साबणाचा अंश उरला तर पंप चालू होताच टाकीत फेस होईल. पंख्याखाली पूर्ण सुकू द्या. उन्हात ठेवू नका.

ओ-रिंग खाचेतून काढून बघा. चपटी, कडक किंवा चीर गेलेली असेल तर बदला. बोटावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात घेऊन तिला लावा. व्हॅसलीन लावायची सवय असेल तर ती सोडा, ईपीडीएम त्याने फुगते. रिंग खाचेत पूर्ण बसली आहे का ते सगळ्या बाजूंनी बोट फिरवून पाहा. झाकण बंद करताना चिमटलेली रिंग हे गळतीचे नेहमीचे कारण. स्क्रू समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळा. ॲक्रिलिकवर जोर लावायचा नसतो. स्क्रू टेकला की पाव फेरा, बस.

पेस्ट आणि पॅड

कोरवरची जुनी पेस्ट कॉफीच्या कागदाने आणि अल्कोहोलने पुसा. कोरचा आरसा स्वच्छ दिसला पाहिजे. नवी पेस्ट कोरच्या संपूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरा. ग्राफिक्स कार्डाचा कोर उघडा असतो, त्यामुळे एखादा कोपरा कोरडा राहिला तर हॉटस्पॉट लगेच वर जातो. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावायचा द्रव धातू) नवख्यांनी वापरू नये. ते विजेचे वाहक आहे, एक थेंब ओघळला की कार्ड गेले.

पॅडच्या जाडीत तडजोड करू नका. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा घातला तर ब्लॉक कोरपासून उचलला जातो आणि नवी पेस्ट लावूनही तापमान आधीपेक्षा वाईट येते. पॅडच्या दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म काढली आहे ना, तेही बघा. ब्लॉक एकदा बसवून, कोरभोवतीचे चार स्क्रू आवळून, पुन्हा काढा. पेस्टचा ठसा सगळीकडे सारखा आणि प्रत्येक मेमरी चिपचा छाप पॅडवर उमटलेला दिसला, की पेस्ट नव्याने लावून कायमचे बसवा. या जादा अर्ध्या तासाने पुढचे वर्ष निर्धास्त जाते.

जोडणे, गळती तपासणे, भरणे

कार्ड जागेवर बसवा आणि पाईप जोडा. पॉवरच्या वायरी अजून जोडायच्या नाहीत. फिटिंग हाताने आवळा, पक्कड लावली की ओ-रिंग चिरडते.

हवेच्या दाबाने तपासणारा छोटा हातपंप मिळतो, तो घेण्यासारखा आहे. लूप कोरडा असताना ०.५ बारपर्यंत हवा भरा आणि वीस मिनिटे काटा बघा. काटा हलला नाही तर लूप बंद आहे. हलला तर एकेक फिटिंग तपासा. त्याहून जास्त दाब देऊ नका.

आता कूलंट भरा. पंप फिरवायला पॉवर सप्लायचे २४ पिनांचा आणि प्रोसेसरचा असे दोन्ही प्लग मदरबोर्डमधून काढतात आणि २४ पिनांच्या प्लगला जंपर (मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय चालू करणारा छोटा जोड) लावतात, म्हणजे मदरबोर्ड आणि कार्डाला वीज न जाता फक्त पंप चालतो. टाकी भरा, पंप काही सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद करून पुन्हा भरा. पंप कोरडा फिरू देऊ नका, पाणी हेच त्याचे वंगण आहे. पातळी स्थिरावली की कॅबिनेट हलकेच सगळ्या बाजूंना कलवून रेडिएटरमधली हवा बाहेर काढा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू ठेवून काही तास, जमल्यास रात्रभर, पंप चालू द्या. सकाळी सगळे टिश्यू कोरडे असतील तर जंपर काढा, दोन्ही प्लग मदरबोर्डला परत लावा आणि कार्डाच्या वायरी जोडा. १२व्हीएचपीडब्ल्यूआर जातीचा (नव्या कार्डांचा वीजेचा) प्लग पूर्ण आत गेला आहे ना, हे वाकून बघा.

एखादा टिश्यू ओला झाला तर घाबरू नका, वीज नसताना कूलंट बहुधा नुकसान करत नाही. प्लग काढा, भिजलेला भाग डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग अल्कोहोलने, आणि पंख्याखाली दोन दिवस सुकवा. बाहेर पाऊस असेल तर खोली बंद करून एसी ड्राय मोडवर लावा. कूलंट वीज वाहत नाही असे बाटलीवर लिहिलेले असले तरी त्यावर भरवसा ठेवू नका. धातूंशी संपर्क येऊन काही दिवसांतच ते वाहक बनते.

पहिल्या आठवड्यात टाकीची पातळी थोडी उतरेल, अडकलेली हवा बाहेर येत असते. भरून घ्या, मग ४० मिनिटांची चाचणी घेऊन वहीत नवे आकडे लिहा.

काढलेले जुने कूलंट अंगणात, परसातल्या माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असू शकते. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरे ते चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. झाकण घट्ट लागणाऱ्या बाटलीत भरा, वर ठळक अक्षरांत ‘कूलंट, विषारी’ लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्यांकडे घातक कचरा म्हणून वेगळे द्या.